तूट महिन्याची नाही, वर्षाची आहे

फोंड्याहून एका ताईंनी घरखर्चाचा कागद पाठवून विचारलं आहे की यातलं नेमकं काय कमी करावं. घरात पाच माणसं: नवरा-बायको, दोन मुलं, सासूबाई. नवरा कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत कामाला, ताई घरी शिवणकाम करतात. दोन्ही मिळून महिना २४,५०० रुपये. खर्च असा: भाडं ६,०००, स्कूटरचा हप्ता २,७००, पेट्रोल २,४००, किराणा ५,०००, मासळी-भाजी-दूध ५,०००, गॅस ६५०, वीज ८५०, तीन मोबाईल ८००, मुलांची शिकवणी १,५००, सासूबाईंची औषधं १,४००. बेरीज २६,३००. महिन्याला अठराशेंची तूट. ती किराणा दुकानाच्या वहीत चढत जाते आणि चवथ (गणेशचतुर्थी) आली की गळ्याशी येते.

ताई, बायकांच्या बचतगटांबरोबर घरखर्चाचे हिशेब मांडायचं काम मी बरीच वर्षं करते आहे. तुमचा कागद नीटनेटका आहे, पण त्यात एक मोठी गोष्ट राहिली आहे. जूनमधली शाळेची खरेदी नाही, चवथ नाही, स्कूटरचा विमा आणि सर्व्हिसिंग नाही, कोणी आजारी पडलं तर त्याची सोय नाही. हे खर्च काही अचानक उगवत नाहीत. दर वर्षी त्याच सुमाराला येतात, आणि आपण दर वर्षी त्याच आश्चर्याने त्यांच्याकडे बघतो. तुमच्यासारख्या घरात जून-शाळेचे सहा हजार, चवथीचे नऊ हजार, गाडीचे चार हजार आणि दुखण्याखुपण्याचे पाच हजार धरले तर वर्षाचे २४,००० होतात, म्हणजे महिना दोन हजार. खरी तूट अठराशेंची नव्हे, अडतीसशेंची आहे. आकडा मोठा दिसतो, पण आधी तो कागदावर आणल्याशिवाय चहातली साखर कमी करून काही उपयोग नाही.

गोव्यातल्या घराचं वर्ष सरळ दोन भागांत पडतं. जून ते चवथ हा ओढाताणीचा काळ. शाळा उघडतात, पाऊस सुरू होतो, मासळी महागते, आजारपणं येतात, शेवटी चवथ. दिवाळीपासून मे महिन्यापर्यंत त्यामानाने हात मोकळा असतो. आपल्या आज्या मे महिन्यात पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरून ठेवायच्या ते याचसाठी. फ्लॅटमध्ये राहायला आल्यावर आपण पुरुमेंत सोडून दिलं आणि पावसाळ्यात दर आठवड्याला पाव किलो सोलां (आमसुलं), शंभर ग्रॅम सुकी सुंगटां (कोळंबी) असं तुकड्या-तुकड्याने महाग घ्यायला लागलो.

तेव्हा सुरुवात तिथून. मे महिन्यात सुकी मिरची, सोलां, चिंच, कांदे, सुके बांगडे, सुंगटां आणि गालमो (सुका जवळा) एकदाच घ्या. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात हे सगळं मिळतं. मडगावला होली स्पिरिट चर्चच्या फेस्ताच्या (उत्सवाच्या) वेळी पुरुमेंताची मोठी फेरी, म्हणजे जत्रेसारखा बाजार, भरते. एवढ्या लांब जायचं तर एकटीने जाऊ नका, चार घरांचं मिळून आणा, म्हणजे बसभाडं सुटेल आणि भावही करता येईल. हरमलची किंवा खोल्याची मिरची चवीला उत्तम, पण तुमच्या बजेटला बेडगी बरी. आणल्यावर सुकी मासळी पुन्हा दोन-तीन कडक उन्हं दाखवा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. हा कंटाळा केला तर जुलैत डबा उघडल्यावर बुरशी दिसेल आणि सगळी बचत कचऱ्यात जाईल. सगळी यादी एका वर्षात जमणार नाही. पहिल्या वर्षी फक्त सोलां, मिरची आणि सुकी मासळी, बाकीचं पुढच्या वर्षी.

मासळीवर जरा सविस्तर बोलते, कारण सल्ला देणारे सगळ्यात आधी तीच बंद करायला सांगतात आणि गोव्यातल्या घरात तो सल्ला आठवडाभरही टिकत नाही. मासळी बंद करू नका, कुठली आणि कधी घ्यायची ते बदला. आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंदी असते. त्या दिवसांत बाजारात दिसणारी बरीचशी मासळी बर्फात घालून परराज्यातून आलेली असते. पूर्व किनाऱ्याची बंदी १४ जूनला संपते, त्यामुळे तिकडचा माल इकडे चालतो. दर जास्त आणि ताजेपणा कमी, अशा मासळीवर पैसे घालण्यात अर्थ नाही. हे दोन महिने किसमूर (सुक्या मासळीची कोशिंबीर), सुक्या बांगड्याची चटणी, अळसांद्यांचं तोंडाक (चवळीचा रस्सा), मुगागाठी, कुळथाची पिठी, अंडी यांवर काढायचे. मूठभर गालम्यात पाच माणसांचं जेवण रुचकर होतं, हे तुम्हाला मी सांगायला नको.

बंदी उठल्यावर बांगडे आणि तारले भरपूर येतात तेव्हा पोटभर खा. इसवण (सुरमई) आणि पापलेट पाहुण्यांसाठी. पौष्टिकपणात तारले काही कमी नाहीत, कमी आहे ती त्यांची प्रतिष्ठा. रोज दारावर घेण्यापेक्षा आठवड्यातून दोनदा बाजारात जाऊन घ्या. दारावरची मासळीवाली ओळखीची असते, तिला नाही म्हणवत नाही, आणि ‘राहू दे, उद्या दे’ म्हणत तिची वहीही आपल्या डोक्यात सुरू होते.

आणि श्रावण. तुमच्या घरात श्रावण पाळतात असं तुम्ही लिहिलं आहे. मग त्या महिन्यात मासळीचे जे पैसे वाचतात ते जातात कुठे? बहुतेक घरांत ते फराळी वेफर्स, साबुदाणा, पनीर यांत विरघळतात. श्रावण सुरू व्हायच्या दिवशी मासळीचे महिन्याचे पैसे एका पाकिटात घाला आणि त्यावर ‘चवथ’ लिहा. श्रावण संपला की काही दिवसांत चवथ दारात असते, पाकीट बरोबर वेळेवर हाती येतं. माझ्या ओळखीच्या अनेक बायकांनी चवथीची उधारी मोडली ती याच पाकिटाने.

पावसाळ्यातली भाजीही अशीच. तायकिळा, कुड्डूक, तेरें, लुती या रानभाज्या फोंडा बाजारात वाट्यावर मिळतात, आणि माहेर-सासर खेड्यात असेल तर फुकट. तेऱ्यात आंबाडे किंवा सोलां घालायला विसरू नका, नाहीतर घशाला खाज सुटेल. आणि ओळख पक्की नसेल ती भाजी स्वतः खुडू नका. गॅलरीत दोन कुंड्या असतील तर तांबडी भाजी लावा, तीन-चार आठवड्यांत काढता येते. रोजच्या कांदा-बटाटा-टोमॅटोसाठी फलोत्पादन महामंडळाचा गाळा गाठा. तिथे दराची पाटी असते आणि काही भाज्या सरकारी अनुदानामुळे बाजारापेक्षा स्वस्त पडतात. मात्र पालेभाजी तिथली सकाळची घ्या. नारळ गेल्या काही वर्षांत फार चढले आहेत, म्हणून एवढंच सांगते: घट्ट रस हुमणाला (मासळीच्या कढीला), दुसऱ्या पाण्याची सोलकढी, आणि भाजीवर सोय (ओलं खोबरं) घालायची सवय निम्म्यावर. पोदेराचा (पाववाल्याचा) पाव बंद करू नका. तेवढ्याने कोणी श्रीमंत होत नाही, आणि कालची कडी कशाशी खायची?

आता किराणा. तुमचा दुकानदार वाईट आहे असं मी म्हणत नाही. अडचणीत तोच उधार देतो. पण वहीवर घेणाऱ्या गिऱ्हाईकाला भाव विचारायची सोय नसते. वही बंद करायची तर एकदम जमणार नाही. दर महिन्याला जुन्या बाकीतले पाचशे फेडा आणि नवीन माल रोखीने घ्या, दोन्ही हिशेब वेगळे ठेवा. डाळी, तेल, साबण, साखर महिन्यातून एकदा बागायतदार बझारात किंवा घाऊक दुकानात घ्या. पाकिटावर छापील किमतीच्या शेजारी आता ‘दर ग्रॅम’ किंवा ‘दर मिलिलिटर’ किंमत छापणं कायद्याने बंधनकारक आहे, ती बारीक अक्षरं वाचायला शिका. तेलाची पिशवी लिटरची समजून आपण उचलतो आणि आत ८०० किंवा ८५० ग्रॅम असतं. लिटरभर तेलाचं वजन साधारण ९१० ग्रॅम भरतं. मोठं पाकीट नेहमी स्वस्त असतं हाही गैरसमज, विशेषतः साबण आणि शांपूत. तांदळासाठी मात्र एक चांगला मार्ग आहे. सरदीचं (पावसाळी) भात ऑक्टोबर-नोव्हेंबरात आणि वायंगणीचं (उन्हाळी) एप्रिलच्या सुमाराला निघतं, तेव्हा ओळखीच्या शेतकऱ्याकडून उकड्याचं पोतं तीन घरांत मिळून घ्यायचं. एवढं केल्यावर पाच हजारांच्या किराण्यात पाच-सहाशे सहज सुटतात.

रेशन कार्ड कुठल्या प्रकारचं आहे ते तुम्ही लिहिलं नाही. प्राधान्य कुटुंबाचं असेल तर माणशी महिना ५ किलो धान्य मोफत मिळतं, अंत्योदय असेल तर घराला ३५ किलो. आपल्या हक्काचं धान्य उचलायला काही जणींना लाज वाटते. मला त्याचं कारण कधी कळलेलं नाही.

यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे तुमच्या कागदावर गृह आधार योजनेचा उल्लेखच नाही. तुमचं वर्षाचं उत्पन्न २,९४,००० होतं आणि या योजनेची मर्यादा ३ लाखांची आहे. गोव्यात पंधरा वर्षांचा रहिवास असलेल्या विवाहितेला महिना १,५०० रुपये मिळतात. अर्ज महिला व बालविकास संचालनालयाकडे करायचा. सासूबाई साठीच्या पुढच्या असतील तर दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेत महिना २,००० रुपये आहेत, तिथे उत्पन्नाची अट वेगळी आहे, ती अर्जाच्या वेळी विचारून घ्या. मंजूर झाल्यावर दर वर्षी हयातीचा दाखला वेळेत द्यायचा. तो राहिला म्हणून पैसे थांबलेल्या कितीतरी म्हाताऱ्या मी पाहिल्या आहेत. दोन्ही योजनांचे पैसे खात्यात ठरल्या तारखेला पडतीलच असं धरून चालू नका. त्यातून भाडं किंवा हप्ता भरायचा बेत करू नका. वर सांगितलेला वर्षाचा दोन हजारांचा खड्डा भरायला हेच पैसे वापरा. आले तेव्हा बाजूला टाकले, इतकं सोपं.

औषधांचे १,४०० मला जास्त वाटतात. रक्तदाब आणि मधुमेहाच्या गोळ्या रोजच्या आणि कायमच्या, त्यामुळे इथली बचत दर महिन्याला मिळते. डॉक्टरांना चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून द्यायला सांगा आणि तीच गोळी जनऔषधी केंद्रात विचारा. फरक पाहून तुम्ही चकित व्हाल. सरकारी आरोग्य केंद्रातून किंवा फोंड्याच्या उपजिल्हा इस्पितळातून यांपैकी काही गोळ्या मिळतात का तेही बघा. मात्र डॉक्टरांना न विचारता गोळी बदलू नका, आणि पैसे वाचवायला एक दिवसाआड तर मुळीच देऊ नका. जवळजवळ निम्मे, म्हणजे सहाशे-सातशे तरी कमी व्हायला हवेत. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड आहे ना? तीन माणसांपर्यंतच्या घराला वर्षाला अडीच लाख, चार किंवा जास्त माणसांच्या घराला चार लाखांपर्यंत संरक्षण आहे. नूतनीकरणाची तारीख भिंतीवरच्या कालनिर्णयावर लिहून ठेवा. इस्पितळात दाखल झाल्यावर कार्ड शोधत बसणं म्हणजे फार उशीर.

पेट्रोलच्या आकड्याकडे बघा. २,४०० रुपयांत साधारण २५ लिटर येतं. स्कूटर लिटरला ४५ किलोमीटर देत असेल तर ही ११०० किलोमीटरची धाव झाली. फोंडा ते कुंडई जाऊन-येऊन सोळा-सतरा किलोमीटर, महिन्याला सव्वीस दिवस धरले तरी सव्वाचारशे. उरलेले सातशे किलोमीटर कुठे जातात? मी कुणावर संशय घेत नाही. पण दूध आणायला एक फेरी, कोथिंबिरीसाठी दुसरी, मुलाला शिकवणीला सोडायला आणि आणायला चार, रविवारी पणजी, असं ते साचतं. एक आठवडा मीटरचा आकडा रोज रात्री वहीत लिहा. कोणाला काही बोलायचं नाही, फक्त लिहायचं. फेऱ्या आपोआप कमी होतात. चाकातली हवा आठवड्याला बघायची. शिकवणी चालत जाण्याइतकी जवळ असेल तर मोठा मुलगा चालत जाऊ शकतो. सातशे-आठशे इथेच सुटतील, आणि कोणाच्या ताटातून काही कमी न करता.

विजेत फार काही हाती लागणार नाही, हे आधीच सांगते. गोव्यात घरगुती वीज इतर राज्यांच्या मानाने स्वस्त आहे. जुना पंखा ७५ वॅटचा, नवीन बीएलडीसी पंखा ३० वॅटच्या आसपास. असे दोन पंखे रोज बारा तास चालले तर महिन्याला तीसेक युनिट वाचतात, तुमच्या टप्प्यात शंभर-सव्वाशे रुपये. दोन पंख्यांची किंमत वसूल व्हायला काही वर्षं जातील. त्यामुळे आहे तो पंखा जळेपर्यंत चालू द्या, जळल्यावर मात्र तसलाच घ्या. गिझर तासभर चालू राहत असेल तर ते थांबवा. आपल्याकडचं पाणी मुळातच थंडगार नसतं, अंघोळीच्या एका बादलीला अर्धं युनिटही लागत नाही. गॅससाठी एकच सवय: उकडे तांदूळ आणि कडधान्य आधी भिजवा, कुकरची शिट्टी झाली की आच बारीक करा, वेळेआधी बंद करून वाफेवर राहू द्या. ज्योत पिवळी दिसत असेल तर बर्नर साफ करून घ्या.

मोबाईलमध्ये सासूबाईंच्या फोनला रोज दीड जीबी कशाला? २०२५ पासून कंपन्या डेटा नसलेले, फक्त बोलण्याचे पॅक देतात. दुकानदार ते आपणहून सांगत नाही, मागावं लागतं.

कमी करू नये अशाही काही गोष्टी आहेत. मुलांचं दूध. शिकवणीचा निर्णय मुलांच्या गुणांवर करा, बजेटवर नको. आणि विमा, जो तुमच्या यादीत नाहीच. नवरा रोज हमरस्त्याने स्कूटरवर जातो. बँक खात्यातून वर्षाला २० रुपयांत प्रधानमंत्री सुरक्षा विमा आणि ४३६ रुपयांत जीवन ज्योती विमा मिळतो, दोन्ही दोन-दोन लाखांचे, एक अपघाताचा, दुसरा कोणत्याही कारणाने मृत्यू झाल्यास. जीवन ज्योतीत पन्नाशीपर्यंतच शिरता येतं. दोघांचाही काढा. सगळा खर्च हजाराच्या आत.

बाजूला पडणारे पैसे घरातल्या डब्यात ठेवू नका, डब्याचं कुलूप पहिल्या पाहुण्याला उघडतं. पोस्टात महिना शंभर रुपयांपासून आवर्ती ठेव सुरू करता येते. पतसंस्था एखादा टक्का जास्त व्याज देते म्हणून सगळं तिकडे नेऊ नका. बँकेतल्या पाच लाखांपर्यंतच्या ठेवीला विम्याचं संरक्षण असतं, पतसंस्थेतल्या ठेवीला ते नसतं. स्कूटरचे चौदा हप्ते उरले आहेत असं तुम्ही लिहिलंत. पंधराव्या महिन्यापासून तेच २,७०० त्याच तारखेला ठेवीत जाऊ द्या. घराला तेवढ्या पैशांशिवाय राहायची सवय झालेली आहे, ती मोडू नका. मधल्या काळात सोफा, टीव्ही, फोन, काहीही हप्त्यावर नको. ‘शून्य टक्के’ असलं तरी नको.

चवथीबद्दल एवढंच. मूळ घरात चवथ भावांमध्ये वाटून होते ना? मग यादी मे महिन्यातच करा, कोणी काय आणायचं ते ठरवा. माटोळीच्या (गणपतीवर बांधायच्या फळा-पानांच्या छताच्या) सामानाचा भाव शेवटच्या दोन दिवसांत दुप्पट होतो. सुपारीची शिपटी (घोस), कांगलां गावाकडून मागवता येतात. फटाके पूर्ण बंद. मुलं चार दिवस रुसतील. नेवऱ्या (करंज्या) घरीच करा, तुमच्या सासूबाई आहेतच.

शेवटची गोष्ट खर्चाची नाही, पण तुमच्या पत्रातल्या एका ओळीमुळे सांगावी लागते. ‘शेजारच्या बायका शिलाईचे पैसे नंतर देतात,’ असं तुम्ही सहज लिहिलं आहे. म्हणजे तुम्ही किराण्याची उधारी घेता आणि शिलाईची उधारी देता. आज रात्री बसून कोणाकडे किती बाकी आहे ते लिहून काढा. यापुढे अस्तर, हुक आणि दोऱ्याचे पैसे कापड हातात घेतानाच मागा आणि बाकीचे पैसे ब्लाऊज देताना. चवथीआधीच्या महिन्यात सगळ्यांनाच घाई असते, तेव्हा शिलाईला कापड घ्यायची शेवटची तारीख आधीच जाहीर करा, उशिरा आलेल्या कापडाला जादा दर लावा. मैत्रिणी थोड्या कुरकुरतील. त्यांना मासळीवालीला द्यायला मात्र सुटे पैसे असतात, हेही लक्षात घ्या.